फोन बदलला, कार्डे मागेच राहिली

वाचकांचे प्रश्न, तंत्र-विभागाची उत्तरे. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे आहेत: अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा आयफोनवरून अँड्रॉइडवर गेल्यावर टॅप करून पैसे देणे कितपत भरवशाचे?

प्रश्न : अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला. 'मूव्ह टू आयओएस' या ॲपलच्या ॲपने फोटो, नंबर, मेसेज सगळे आणले, पण गूगल वॉलेटमधली दोन्ही कार्डे आली नाहीत. माझे काही करायचे राहिले का?

काही राहिले नाही. कार्डे अशी हलतच नाहीत, आणि ते तुमच्या सोयीचे नसले तरी हिताचे आहे.

वॉलेटमध्ये कार्ड भरल्यावर त्यावरचा खरा नंबर फोनमध्ये साठवला जात नाही. कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखे) त्याच्या जागी एक पर्यायी नंबर देते, त्याला टोकन म्हणतात. हे टोकन त्या एका फोनपुरतेच चालते. शिवाय दर व्यवहाराला फोन एकदाच वापरता येणारा सांकेतिक कोड तयार करतो, त्यामुळे कुणी मधल्यामध्ये आकडे टिपले तरी ते पुन्हा वापरता येत नाहीत. टोकन बॅकअपमधून दुसऱ्या फोनवर जाऊ लागले, तर हा बंदोबस्त कुचकामी ठरेल. म्हणून नवा फोन म्हणजे नवे टोकन, आणि त्यासाठी बँकेची नव्याने परवानगी.

आयफोनवर वॉलेट ॲप उघडा, वरच्या कोपऱ्यातले अधिकचे चिन्ह दाबा आणि कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा किंवा नंबर टाइप करा. पुढे बँक एसएमएस, स्वतःचे ॲप किंवा फोन करून खात्री करते, आणि घोडे अडते ते इथेच. सिम अजून जुन्या फोनमध्ये असेल तर कोड तिकडे जातो; बँकेच्या ॲपने नवा फोन ओळखलेला नसेल तर त्याच्याकडूनही मंजुरी मिळत नाही. क्रम सोपा आहे: आधी सिम, मग बँकेचे ॲप, शेवटी कार्ड. काही बँका नव्या फोनवर सुरुवातीला व्यवहाराच्या रकमेवर मर्यादा घालतात, हेही ध्यानात असू द्या.

एक गोष्ट मात्र फोन घेण्याआधीच पाहायची. ॲपल पे किंवा गूगलचे टॅप पेमेंट सगळ्या देशांत आणि सगळ्या बँकांच्या कार्डांवर चालत नाही. बँकेच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळते.

प्रश्न : माझा प्रवास उलटा, आयफोनवरून अँड्रॉइडवर. दहापैकी दोन-तीन वेळा मशीन फोनला ओळखतच नाही. पूर्वी असे होत नव्हते. अँड्रॉइडवरचे पेमेंट कमी भरवशाचे असते का?

दोन्हीकडे रेडिओ तोच आहे: एनएफसी, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारा, जेमतेम चार सेंटिमीटर पल्ल्याचा. मशीनही तेच. फरक पडतो तो अँटेनाच्या जागेमुळे आणि सेटिंगमुळे, आणि अँड्रॉइडवर या दोन्ही बाबतींत प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. भरवसा कमी नाही; पण जुळवून घ्यायचे काम तुमच्या गळ्यात पडते, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, म्हणून फोनचे डोके मशीनकडे नेण्याची हाताला सवय झालेली असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो पाठीवर, मध्यभागी किंवा कॅमेऱ्याच्या आसपास असतो. तिथे फोनची पाठ मशीनला समांतर धरावी लागते. मशीनवर चार वक्र रेषांचे चिन्ह शोधा, त्यावर फोन टेकवा आणि एक-दोन सेकंद हलवू नका. घाईने ओवाळल्यासारखा फिरवला की संवाद अर्ध्यात तुटतो. कव्हरला धातूची पट्टी किंवा चुंबकाची चकती असेल तर ते काढून पाहा. कव्हरच्या कप्प्यात खरे कार्ड ठेवले असेल तर मशीनला एकाच वेळी दोन कार्डे दिसतात आणि ते दोन्ही नाकारू शकते.

मग सेटिंग. फोनच्या सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत 'एनएफसी' लिहा आणि ते चालू आहे का बघा. तिथेच पेमेंटसाठीचे ठरलेले ॲप दिसेल. सॅमसंगच्या फोनवर सॅमसंग वॉलेट आणि गूगल वॉलेट दोन्ही असतील, तर तुम्ही कार्ड एकात भरलेले आणि फोन दुसरेच उघडतो, असे सर्रास होते. आयफोनवर बाजूचे बटण दोनदा दाबून चेहरा दाखवला की कार्ड तयार असते. अँड्रॉइडवर स्क्रीन चालू करून फोन अनलॉक करा आणि मगच टेकवा.

दोष कुठे आहे ते ओळखायला एक खूण आहे. फोन काहीच हालचाल करत नसेल तर अडचण अँटेना, कव्हर किंवा सेटिंगची. फोनवर बरोबरची खूण आली, पण मशीनने नकार दिला, तर फोनने आपले काम केले आहे; अडले ते मशीनच्या नेटवर्कवर किंवा बँकेकडे. अशा वेळी फोन बदलून किंवा पुन्हा चालू करून काहीही साधत नाही.

फोन रूट केला असेल (म्हणजे कंपनीचे बंधन तोडून त्याचा पूर्ण ताबा घेतला असेल) किंवा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रणालीचे कुलूप, उघडला असेल तर गूगल वॉलेट टॅप पेमेंट नाकारते. त्यावर पळवाटा सांगणारे पुष्कळ भेटतील. पैशांच्या फोनवर त्या वापरू नयेत.

प्रश्न : फोनला इंटरनेट नसेल तर? आणि बॅटरी संपली तर?

आयफोनला मशीनवर टॅप करताना इंटरनेट लागत नाही; टोकन फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असते. गूगल वॉलेट फोनमध्ये मर्यादित वापराच्या किल्ल्या साठवते. नेट नसताना मोजके व्यवहार होतात, नंतर एकदा इंटरनेटला जोडावे लागते. लांबच्या प्रवासात याचा फटका बसू शकतो.

बॅटरी संपली की दुकानात पैसे देता येत नाहीत. आयफोन एक्सएस आणि त्यापुढच्या मॉडेलवर, एक्सप्रेस म्हणून (चेहरा न दाखवता नुसते टेकवून वापरण्यासाठी) निवडलेले प्रवासाचे कार्ड पाच तासांपर्यंत चालू शकते, पण फक्त तेवढेच. खरे कार्ड जवळ ठेवा.

प्रश्न : मशीन अडकले म्हणून पुन्हा टॅप केले. आता खात्यात दोन नोंदी दिसतात.

फोनवरची खूण म्हणजे माहिती मशीनला पोहोचली, एवढेच. पैसे मिळाल्याचे मशीनच सांगते. म्हणून दुसऱ्यांदा टॅप करण्याआधी मशीनची पावती आणि बँकेचा संदेश पाहायचा. दोन नोंदींपैकी एक 'प्रलंबित' असेल तर ती बहुतेकदा नुसती अडवून ठेवलेली रक्कम असते आणि काही दिवसांत आपोआप सुटते. दोन्ही पक्क्या झाल्या, तर दोन्ही पावत्या घेऊन बँकेकडे लेखी तक्रार करा.

परतावा मागताना गोंधळ होतो तो शेवटच्या चार आकड्यांवरून. पावतीवर टोकनचे आकडे असतात, कार्डावरचे नाहीत. वॉलेटमध्ये त्या कार्डाच्या तपशिलात ते सापडतात. त्यातही जुन्या फोनवरून दिलेल्या पैशांचा परतावा घ्यायचा असेल तर ते आकडे जुन्या फोनवरच आहेत!

प्रश्न : मग जुना फोन कधी पुसावा?

नव्या फोनवर प्रत्येक कार्डाने एकेक खरा व्यवहार होईपर्यंत आणि अलीकडच्या खरेदीच्या परताव्याची मुदत संपेपर्यंत नको. दोन पायऱ्यांच्या पडताळणीचे कोड देणारे ॲप आधी हलवा. ते राहिले तर स्वतःच्याच खात्यांबाहेर उभे राहाल. आयफोन सोडत असाल तर सिम काढण्यापूर्वी सेटिंग्जमधून आयमेसेज आणि फेसटाइम बंद करा, नाहीतर आयफोनवाल्यांचे काही मेसेज जुन्या फोनच्याच वाटेला जातात.

मनगटावरचे घड्याळ विसरू नका. त्यावरच्या कार्डाचे टोकन वेगळे असते, आणि ॲपल वॉच अँड्रॉइड फोनशी जोडताच येत नाही.

वॉलेटमधून कार्डे काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' या हरवलेला फोन शोधण्याच्या सोयीतून बाहेर पडा, अँड्रॉइड असेल तर गूगल खाते काढा, आणि मगच फोन रीसेट करा. उलट क्रमाने केले तर पुढच्या मालकाला तुमचा पासवर्ड मागत फिरावे लागते. ॲप स्टोअर किंवा गूगल प्लेमधून घेतलेल्या वर्गण्या मात्र ॲप काढल्याने किंवा फोन पुसल्याने थांबत नाहीत. त्या खात्यात जाऊन एकेक रद्द कराव्या लागतात, तोवर कार्डावरून पैसे जातच राहतात.