कोरा रेकॉर्ड आणि पहिला घाट: जालना ते रत्नागिरी खेपेबद्दल

तुमचा प्रश्न वाचला. जालन्याहून सळई भरून तुमचा दहाचाकी ट्रक पहिल्यांदाच रत्नागिरीला जाणार आहे. नव्याने ठेवलेला ड्रायव्हर आजवर नागपूर, नांदेड, हैदराबाद याच लाइनला चाललाय आणि ‘आपला एकपण अपघात नाही’ असं सांगतो. ते तपासायचं कुठे, रस्ता माहीत नाही म्हणून मोबाइलच्या नकाशावर सोडलं तर चालेल का, आणि पुतण्याला सोबत पाठवावं का, हे तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं स्वतः कोकणाच्या घाटांत गाडी चालवली, आता माझ्या गाड्या दुसऱ्यांच्या हातात देतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

ड्रायव्हरच्या नावावर झालेल्या सगळ्या अपघातांची यादी मालकाला एका ठिकाणी बघायला मिळेल, अशी सोय आपल्याकडे नाही. पोलीस आता अपघाताची माहिती ई-डार प्रणालीत भरतात, पण ती पोलीस, आरटीओ, विमा कंपन्या आणि अपघात भरपाईचं न्यायाधिकरण यांच्या कामासाठी आहे. तुमच्या हातात आहे ते असं. ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी साइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन्स खरं आहे का, कोणत्या प्रकारच्या गाडीचं आहे, कधीपर्यंत चालू आहे, हे कळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं, त्यामुळे मधल्या काळात ते निलंबित झालं होतं का हेही विचारा. ई-चलानच्या साइटवर लायसन्स नंबरने शोधता येतं, पण कॅमेऱ्याची चलानं गाडीच्या नंबरवर पडतात. म्हणून आधीच्या मालकाच्या गाडीचा नंबर मागून घ्या आणि त्यावरही बघा. वेगाची चलानं एका पाठोपाठ एक दिसली तर तुम्हाला बरंच कळलं.

तिसरी जागा लोक विसरतात, ती म्हणजे ई-कोर्ट्स, न्यायालयांच्या केसेसची सरकारी साइट. अपघात भरपाईच्या दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही सामनेवाले असू शकतात, आणि जिल्हा न्यायालयाच्या पानावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. एकाच नावाची दहा माणसं निघतात, म्हणून वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका.

आणि समजा एखादी केस निघाली, तर लगेच ‘नको’ म्हणू नका. आपल्याकडे मोठ्या गाडीची आणि लहान गाडीची धडक झाली की गुन्हा बहुतेकदा मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरवरच नोंदवला जातो. चूक कुणाची हे कळायला पंचनामा आणि जागेचा नकाशा बघावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल द्यायचा असतो, त्यामुळे अलीकडची केस असेल तर कागद मागता येतो. त्या कागदात मी वेळ बघतो, जागा बघतो, गाडी भरलेली होती की रिकामी ते बघतो. मग ड्रायव्हरला समोर बसवून विचारतो की त्या रस्त्यावर तू आधी गेला होतास का, आणि त्या दिवशी किती तास झोपला होतास. या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याच सरकारी कागदावर नसतात, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक अपघातांचं मूळ तिथेच होतं. आणखी एक: तो जागेवर थांबला का? मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचं. जमावाच्या भीतीने बाजूला होऊन थेट पोलीस ठाण्यात गेलेला माणूस मी ठेवतो. जखमीला तसंच टाकून दोन दिवस गायब झालेला ठेवत नाही, मग तो स्टिअरिंगवर कितीही चांगला असो.

आता तुमच्या ड्रायव्हरच्या कोऱ्या रेकॉर्डबद्दल. तो खरं बोलत असेल, असंच धरून चाला. पण सपाटीवरचा कोरा रेकॉर्ड घाटाबद्दल काहीच सांगत नाही. आधीच्या मालकाला ‘अपघात केला का’ विचारलंत तर तो ‘नाही’ म्हणून मोकळा होईल. त्याऐवजी विचारा, याच्या हाताखाली ब्रेकचे लायनर किती टिकायचे? डाव्या बाजूचा आरसा आणि मडगार्ड कितीदा बदलावं लागलं? शक्य असेल तर त्यांच्या मेस्त्रीला फोन करा, मेस्त्री जास्त सांगतो. जो सतत ब्रेकवर पाय ठेवून चालतो त्याचे लायनर लवकर संपतात, आणि नेमका असाच माणूस घाटात अडचणीत येतो. फास्टॅगचे मेसेजही वाचायला शिका. दोन टोलनाक्यांमधलं अंतर आणि मेसेजची वेळ यावरून सरासरी वेग निघतो, रात्री किती वाजता गाडी चालू होती तेही कळतं. त्यासाठी जीपीएस लागत नाही.

रस्त्याकडे वळतो. नकाशाच्या अ‍ॅपवर सोडू नका. ते रस्ता दाखवतं तो कारच्या हिशोबाने. गाडीची उंची, धुरीवर (अ‍ॅक्सलवर) पडणारं वजन, भरलेल्या दहाचाकीला वळायला लागणारी जागा, यातलं त्याला काही माहीत नसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून कार खाली पडून तिघं गेले, तेव्हाही नकाशावरचा रस्ता चालू होता. कोकणात उतरताना अ‍ॅप किलोमीटर वाचवायला कधी कराडहून कोकरूड-मलकापूर दाखवेल, कधी कुंभार्ली घाटाने चिपळूण दाखवेल, माल राजापूरकडचा असेल तर अणुस्कुरा घाट दाखवेल. सळई भरलेल्या गाडीने पहिल्यांदा अणुस्कुऱ्यात जाऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. अ‍ॅपचा उपयोग ट्रॅफिक आणि पुढचं गाव बघण्यापुरता.

तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे जालना, अंबड, वडीगोद्री, तिथून धुळे-सोलापूर महामार्गाने बीड, येडशी, तुळजापूर, सोलापूर. मग मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. कोल्हापूरहून बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, खाली साखरपा, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. सगळं मिळून साधारण सहाशे-साडेसहाशे किलोमीटर. पुण्यावरून जाण्यापेक्षा हे सोपं पडेल. बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा छोटा घाट लागतो. तिथे ड्रायव्हरला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) लावून बघायला सांगा. तो धरत नसेल तर सोलापूरला मेस्त्री गाठायचा, आंबा घाटाच्या माथ्यावर नाही. गेली काही वर्षं कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर चौपदरीकरणाची कामं चालू आहेत, त्यामुळे जुना माहितगार सांगतो ती वळणंही बदललेली असू शकतात. मलकापुरात थांबून खालून वर आलेल्या एखाद्या ट्रकवाल्याला विचारणं हीच ताजी माहिती. असं विचारायला आपले लोक लाजतात, त्यांना तुम्ही मुद्दाम सांगा की विचारण्यात कमीपणा नाही.

आंबा घाट दिवसाच उतरायचा. कोल्हापुरात मुक्काम, सकाळी उजाडल्यावर निघायचं. पावसाळ्यात धुकं असेल तर ते विरेपर्यंत आंबा गावात चहा घेत बसायचं. माथ्यावर गाडी उभी करून ब्रेकच्या हवेचा काटा बघायचा, चाकांच्या ब्रेक-ड्रमजवळ हात नेऊन एखादं चाक जास्त तापलंय का बघायचं, पट्टे पुन्हा आवळायचे. सळईला हे फारच महत्त्वाचं आहे. उतारावर जोरात ब्रेक दाबला की सैल बांधलेली सळई पुढे सरकते आणि केबिनची मागची बाजू फोडून आत येते. मागून बाहेर आलेली सळई तर मुळातच बेकायदा आहे, आणि रात्री मागच्या दुचाकीवाल्याला ती दिसतही नाही. वजन आरसी बुकात लिहिलंय तेवढंच. २०१८ च्या बदलानंतर तीन धुऱ्यांच्या ट्रकला एकूण २८.५ टनांपर्यंत मुभा आहे, त्यावर एक टनही नको.

उतरताना जुना नियम पाळायचा: ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर माथ्यावरच टाकायचा. उतारात वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि मग काहीच हातात राहत नाही. वेग इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने रोखायचा. पायाचा ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबून वेग पुरेसा कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. हलका पाय सतत ठेवला की लायनर तापतो, त्याची पकड जाते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. भराभर पेडल मारत राहिलं तर टाकीतली हवा संपते. जळका वास आला किंवा हवेचा बझर वाजला तर रुंद जागा मिळताच डोंगराच्या बाजूला थांबायचं, चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा आणि अर्धा-पाऊण तास वाट बघायची. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, ड्रम तडकतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं, या सवयीबद्दल त्याच्याशी स्पष्ट बोला. इंजिन बंद झालं की हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने ४८ च्या आसपास गाड्या उडवल्या. तेव्हाही ब्रेक निकामी झाले नव्हते, उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं तपासणीनंतर बातम्यांत आलं होतं. थोडं डिझेल वाचवायच्या नादात कितीतरी घरांवर संकट आलं, हे मला आजही सहन होत नाही. आणि ही सवय ड्रायव्हरला कोण लावतं? खेपेमागे डिझेलचा हिशोब काढून कमी-जास्त पैसे कापणारे आपणच मालक. घाटाच्या खेपेला तो हिशोब लावू नका, आणि तसं त्याला निघायच्या आधी तोंडाने सांगा.

घाट संपला म्हणून उतार संपत नाही. हातखंब्याजवळच्या उतारावर टँकरचे किती अपघात झालेत ते रत्नागिरीकरांना विचारा. साखरप्याला थांबून चाकं थंड करून मगच पुढे जायचं. परतीला पुण्याकडचा माल मिळाला तर साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं एस वळण आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, ही दोन ठिकाणं त्याला आधीच समजावून द्या. दोन्हीकडे रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, म्हणूनच नवखा माणूस फसतो.

वेळेबद्दल. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्या जुन्या कायद्यात लिहिलं होतं. किती जण पाळायचे ते तुम्हाला-मला माहीत आहे, पण नव्या रस्त्यावर तरी पाळा, कारण अनोळखी रस्ता माणसाला दुप्पट थकवतो. ई-वे बिलाला (मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला) दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे या खेपेला निदान तीन दिवस कागदावर तुमच्याकडे आहेत. मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवूनही घेता येते. घाई असते ती फोनवर ‘कुठपर्यंत आलास’ विचारणाऱ्याची. ग्राहकाला तिसऱ्या दिवशी माल मिळेल असं सांगून टाका आणि गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन करू नका. तो थांबल्यावर करेल.

खेप झाल्यावर तुमचा स्वतःचा रेकॉर्ड सुरू करा. एका वहीत प्रत्येक खेपेचा रस्ता, मुक्काम, घासलेलं-आपटलेलं, आणि थोडक्यात वाचलो असं जे काही झालं असेल ते, त्याच्याच शब्दांत. त्यातल्या कुठल्याही नोंदीसाठी पगार कापायचा नाही. एकदा कापलात की पुढची नोंद येणार नाही, आणि पुढच्या मालकाला ‘एकपण अपघात नाही’ असं सांगणारा आणखी एक ड्रायव्हर तयार होईल.

राहिला पुतण्याला सोबत पाठवण्याचा प्रश्न. तो स्वतः आंबा घाट उतरलेला नसेल तर त्याचा उपयोग नाही, उलट केबिनमध्ये मालकाच्या घरचा माणूस बसला की ड्रायव्हर दडपणात चालवतो. त्यापेक्षा कोल्हापूरहून कोकण लाइनचा एखादा जुना ड्रायव्हर दोन दिवसांचा भत्ता देऊन सोबत घ्या. कोल्हापूर ते हातखंबा एवढंच त्याने शेजारी बसायचं, स्टिअरिंग तुमच्याच माणसाकडे ठेवायचं. केबिनमध्ये १०३३ (महामार्ग मदत), १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (पोलीस व आपत्कालीन मदत) हे तीन नंबर मोठ्या अक्षरात चिकटवा. निघायच्या आदल्या संध्याकाळी घाट चालू आहे का, अवजड वाहतुकीला बंदी नाही ना, हे साखरप्याकडच्या कुणालातरी फोन करून पक्कं करा. पावसाळ्यात दरड पडली की रस्ता कधीही बंद होतो, आणि मग गाडी कोल्हापुरातच उभी ठेवायची, दुसरा घाट शोधत फिरायचं नाही.