पाया खणण्याआधी

अगं, जुनी इंदूरमध्ये वस्तीच्याच मालकीचं बाजारसंकुल काढतेस, फार आनंद झाला. पण नकाशाचं नंतर बघ. आधी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहा, परतणाऱ्या बायकांच्या पिशव्या बघ: पीठ, औषधं, वह्या कुठून येतात? किराणा आणि औषधाचं दुकान पक्कं झाल्याशिवाय पाया खणू नकोस. बाकीचे गाळे त्यांच्यामागे भरतात.

पैशाचं म्हणशील तर फिलाडेल्फियात रेव्हरंड लिऑन सलिव्हन यांच्या चर्चच्या लोकांनी दरमहा १० डॉलर, असे ३६ महिने भरले. त्या भांडवलाच्या बळावर १९६८ साली प्रोग्रेस प्लाझा हे बाजारसंकुल उभं राहिलं. भिशी चालवणाऱ्या आपल्या बायकांना हे का जमू नये? सहकारी संस्थाच कर, एका सभासदाला एकच मत. आणि दुरुस्तीचा पैसा पहिल्या भाड्यापासूनच बाजूला काढ.