राखेच्या तळ्यावर जाऊन या

प्रश्न : एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंग झालंय, चंद्रपूरकडच्या एका औष्णिक वीज केंद्रात कम्प्लायन्सची, म्हणजे पर्यावरणाचे नियम पाळले जातात का ते बघायची, नोकरी मिळतेय. सगळे म्हणतात नुसतं कागद रंगवायचं काम आहे. घेऊ का?

उत्तर : घ्या. कागद आहेतच, १ जून आणि १ डिसेंबरला पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल, ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, ते जमतं हळूहळू. पण आधी युनिट, म्हणजे वीज बनवणारा संच, कुठल्या सालचं ते विचारा, कारण डिसेंबर २०१५ च्या नियमांनी चिमणीतल्या धुळीची मर्यादा त्यावरच ठरते, २००३ अखेरपर्यंतच्याला घनमीटरला १०० मिलिग्रॅम, मधल्यांना ५०, २०१७ पासूनच्यांना ३०. चिमणीचे आकडे ऑनलाइन थेट प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडे जातात, मग मीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो बरोबर आकडा दाखवतो का याची तपासणी, वेळेवर झालंय का हे स्वतः बघायचं, दुसऱ्याच्या सहीवर विसंबू नका.

आणि मे महिन्यात दुपारी राखेच्या तळ्यावर, म्हणजे जळलेल्या कोळशाची राख साठवतात तिथे, जाच. मी नवीन होतो तेव्हा राख उडू नये म्हणून पाणी मारणारे स्प्रिंकलर बंद पडलेले, रजिस्टरला मात्र 'चालू', आणि शेजारच्या गावात एक काकू गच्चीवरच्या कुरडयांवरची राख फडक्याने झटकत होत्या. त्या दिवसापासून मी रजिस्टर पंपापाशी उभं राहूनच भरतो.