कोरा हातात घेण्याआधी
कोरा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं तंतुवाद्य, शिकायला घेतलास, मनापासून आनंद झाला. पण आधी जेलीचे, म्हणजे तिथल्या पिढीजात गायक-कथेकऱ्याचे, शब्द ऐक. माली, गिनी, गांबियात जेली म्हणजे नुसता वादक नव्हे. घराण्यांच्या वंशावळी, जुने तंटे, दिलेले शब्द, सगळं त्याला मुखोद्गत. बारशाला, लग्नाला तो गातो, भांडण मिटवायलाही त्यालाच बोलावतात. कुयाते, जाबाते, सिसोको ही त्यांची पिढीजात आडनावं. गाण्यात एखादं नाव आलं की थांब, ते कुणाचं हे विचार. त्याशिवाय गाणं कळत नाही, खरंच सांगतो.

हाताचं म्हणशील तर तारा 21 आणि बोटं चारच: दोन अंगठे, दोन तर्जनी. कुंबेंगो, म्हणजे पुन्हापुन्हा फिरून येणारी मूळ धून, महिनाभर तीच घोट. भरधाव ताना मागाहून. मालीचे कोरावादक तुमानी जाबाते एकटे वाजवायचे, तरी तिघं बसल्यासारखं वाटायचं!