गवंडी थांबलाय, लगेच सांग

दोघं आले तेव्हा वहिनींच्या पिशवीत टाइलचे तीन तुकडे होते. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी ते माझ्या टेबलावर मांडले. "मॅडम, तुम्हीच सांगा, यातली स्वयंपाकघराला कुठली बरी दिसेल? एकदा कळू दे, डोकं यांचं फिरलंय की माझं."

दादा खिडकीबाहेर बघत राहिले.

मी दापोलीत समुपदेशनाचं काम करते. दिवाळी सरली की मेअखेरपर्यंत हे दुखणं घेऊन कुणी ना कुणी येतंच, कारण आमच्याकडे बांधकामाचा हंगामच तो. "घर बांधायला काढलं आणि घरातलं बोलणंच संपलं. तीस वर्षं नीट संसार केला, मग आत्ताच असं का?" कुणी वास्तुदोष शोधतं, कुणी पत्रिका काढून बसतं. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, की आमचं मुळात जमतच नव्हतं आणि ते आत्ता उघड झालं, असं असेल का? तेव्हा या दादा-वहिनींची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

दादा डोंबिवलीला राहून नोकरी करत होते, आता निवृत्त. गाव केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातलं. जुनं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, मागे आगर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, आणि दापोलीच्या उत्तरेकडच्या गावांनाही त्याने झोडपलं. दादांच्या आगरातले माड मोडले, पोफळी आडव्या झाल्या, अर्ध्या घरावरची कौलं उडाली. घरात त्यांची आई एकटी. फोन लागेना, वीज नाही, त्यात कोरोनाची टाळेबंदी, जिल्ह्याबाहेर पडायचं तर ई-पास, आणि पोचल्यावर गावात विलगीकरण. दादा तीन आठवड्यांनी पोचले. तोवर शेजाऱ्यांनी आईला आपल्याकडे नेलं होतं. पुढच्या वर्षी आई गेली.

आता घर नव्याने बांधायचं होतं. दादांना ते होतं तसंच हवं होतं. तोच चिरा, तीच कौलं, पडवी, माजघर आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघर. वहिनींना स्लॅब हवा होता, स्वयंपाकघर पुढे हवं होतं, आणि न्हाणीघर व संडास घरात. दादा म्हणत, हिला गावाची ओढच नाही. वहिनी म्हणत, यांना घर नकोच आहे, देऊळ बांधायचंय.

पहिल्या भेटीत मी चूक केली. कागद पुढे केला आणि दोघांना कौलाचे आणि स्लॅबचे फायदे-तोटे लिहायला सांगितले. इतकी वर्षं हे काम करूनही अधूनमधून मला शाळामास्तरीण व्हायची हुक्की येते. दोघांनी झकास याद्या केल्या आणि त्याच याद्या हातात धरून जिना उतरताना भांडले. मला वर ऐकू येत होतं.

दुसऱ्या भेटीत नकाशा बाजूला ठेवायला लावला. दादांना म्हटलं, "घर बांधून झालंय असं समजा. सकाळचे सहा वाजलेत. दहापर्यंत त्या घरात काय काय होतंय ते सांगा. कोण कुठे आहे?"

दादा खुलले. पडवीत बसून चहा, मग गरी घेऊन खाडीवर. मासे गळाला लावायचा त्यांना लहानपणापासून नाद. परत येताना पाखाडीवर, म्हणजे गावातल्या दगडी वाटेवर, चार माणसं भेटणार. घरी आलं की माजघरातून भाकरीचा वास, मागच्या दाराशी बावीवर रहाटाचा आवाज. ते छानच सांगत होते.

वहिनींनी विचारलं, "आणि मी?"

दादा थांबले. मग म्हणाले, "तू आहेस की, आत."

"आत म्हणजे चुलीशी. सासूबाई असायच्या तिथे."

त्यानंतर वहिनी जे बोलल्या ते दादांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लग्नानंतरची चार वर्षं दादा मुंबईत गाळ्यावर, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, आणि वहिनी गावी, आपल्याकडे घरोघरी असायचं तसं. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, तेव्हा घर माणसांनी भरलेलं, सारवलेलं, गोडाधोडाचं. उरलेलं वर्ष त्याने पाहिलेलंच नसायचं. वहिनींनी पाहिलं होतं. मागचं काळोखं स्वयंपाकघर, ओल्या लाकडांचा धूर, आषाढात कौलांतून गळणाऱ्या धारांखाली मांडलेली पातेली, आणि रात्री संडासला जायचं तर हातात बॅटरी घेऊन आगरातून चालत जाणं. पहिल्या बाळंतपणानंतरचा पावसाळा त्यांनी तसाच काढला. "हे म्हणतात होतं तसं बांधू. मला पुन्हा तिथेच उभं करणार."

दादा बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी त्या तीन आठवड्यांचं सांगितलं, तेही मोडक्यातोडक्या वाक्यांत. आई वर उघडं पडलेलं घर बघत बसलेली आणि आपण डोंबिवलीत मोबाइल हातात घेऊन. कौलं पुन्हा चढली की काहीतरी फिटेल, असं त्यांना वाटत होतं. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, हेही तेव्हाच कळलं. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. दुःख आणि झोप यांचा गुंता असला की नुसत्या बोलण्यावर भागवू नये. (रात्रीबेरात्री जीव फारच कासावीस झाला, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.)

म्हणजे टाइल ही टाइल नव्हती. पण एवढं उमगलं म्हणून घर बांधून होत नाही. पुढचं काम अगदी व्यवहाराचं होतं.

भांडणं नेमकी कधी होतात, हे मी दोघांना पंधरा दिवस टिपून ठेवायला सांगितलं. बहुतेक सगळी फोनवर निघाली. दादा दर पंधरवड्याला दिवा स्टेशनहून गाडी पकडायचे, खेडला उतरून एसटीने गावी. रात्रभर झोप नाही, साइटवर पोचले की गवंडी विचारणार, ओट्याची उंची किती? दादा तिथूनच फोन लावायचे. "गवंडी थांबलाय, लगेच सांग." वहिनी तेव्हा बाजारात नाहीतर भजनी मंडळात. काही सांगितलं की दादा म्हणायचे, ते जमणार नाही. मग मला विचारता कशाला? की पेटलं. वर मृगाची घाई. सात-आठ जूनच्या आत छप्पर चढलं नाही तर उघड्या भिंती चार महिने पावसात उभ्या राहणार. ही भीती खोटी नाही, पण ती प्रत्येक वाक्यावर बसली की ओट्याची उंचीही आणीबाणीची होते.

तेव्हा असं ठरलं, की गवंडी समोर उभा असताना काही ठरवायचं नाही. त्याला "उद्या सकाळी सांगतो" म्हणायचं. गवंड्याला त्याची सवय असते, तो दुसरीकडचं काम काढतो. घराचं बोलणं बुधवारी संध्याकाळी अर्धा तास, समोरासमोर, वहीत लिहून. छपराचा वाद मात्र आम्ही तिघांनीही सोडून दिला आणि इंजिनिअरवर टाकला. वाऱ्याचा जोर आणि खर्च बघून तो सांगेल ते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांत शेवटचा शब्द वहिनींचा, पडवी आणि आगर यांत दादांचा. ही वाटणी न्याय्य आहे का, असं मला एका सहकारी बाईंनी विचारलं. बायकोला स्वयंपाकघर आणि नवऱ्याला पडवी, यात काय नवीन? बरोबर आहे त्यांचं. पण वहिनींना चूल टाळायची नव्हती, चूल कुठे असावी हे सांगायचं होतं.

एक गोष्ट अशा घरांत राहून जाते म्हणून मध्येच सांगते. जागा वडिलोपार्जित आणि सातबारा सामायिक असेल, तर भावा-बहिणींशी पाया खणण्याआधी बोला. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर अशा मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. दादांनी बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या, पण त्यांना फोन केला होता तो सह्यांपुरताच. त्यातल्या धाकटीने विचारलं होतं, "गणपतीला मी कुठे झोपायचं, तेही ठरवलंयस का?" कायद्याचं वकिलाला विचारा. या प्रश्नाचं उत्तर मात्र वकील देत नाही.

खरी गाठ चौथ्या भेटीत सुटली, आणि तिचा घराशी तसा संबंधच नव्हता. वहिनी डोंबिवलीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, दर मंगळवारी. "घर झालं की कायमचं गावाला, असं हे सगळ्यांना सांगून बसलेत. मग मंगळवारी मी काय करू?" दादांना मंगळवार माहीत होता. तो कुठे जाणार, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून दोघांमध्ये ठेवली. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत गाव. आंब्याला दोघं. पावसाळा डोंबिवलीत, गणपतीचे दिवस सोडून. दादांना खाडीची आठवण आली तर त्यांनी एकट्याने यावं आणि स्वतःचा भात स्वतः लावावा. हे शेवटचं वहिनींनी घातलं.

छप्पर मृगाच्या आत चढलं. इंजिनिअरने घरावर स्लॅब दिला आणि पडवीवर लोखंडी सांगाड्यावर कौलं. जुन्या घराचीच, वादळातून वाचलेली. ती पुरली नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांच्याकडची दिली. स्वयंपाकघर पुढे आलं, खिडकी पाखाडीवर.

परवा एसटीची वाट बघता बघता वहिनी डोकावल्या. आता पेटीवरून चाललंय म्हणाल्या. दादा म्हणतात पडवीत ठेव, चार लोक ऐकतील. वहिनी म्हणतात खाऱ्या वाऱ्याने सूर गंजतील. टाइलचे तुकडे अजून माझ्या कपाटावर होते, ते पुढे केले तर हसल्या.

"राहू देत तुमच्याकडे. आम्ही कोबा केला."