‘सगळ्यांसमोर ओरडतात, सोडून देऊ का?’

नव्या कामावर लागलेली बरीच मुलं हा प्रश्न घेऊन येतात. रोहन (नाव बदललंय) तो समुद्रावरून घेऊन आला. गाव जत तालुक्यातलं, पाण्याच्या टँकरची वाट बघणारं. समुद्रविज्ञान शिकताना संशोधन जहाजावर इंटर्न म्हणून गेला आणि अठरा दिवसांची फेरी संपवून मुरगाव बंदरातून थेट माझ्याकडे. तीन आठवड्यांनी पुढची फेरी.

“ओरडले म्हणजे काय म्हणाले? तेव्हा तुझ्या हातात काय होतं?”

हातात दोरी होती. समुद्राची क्षारता, तापमान, खोली मोजणारं सीटीडी यंत्र पाण्यात सोडताना झोके खाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोऱ्या धरतात. भोवती नमुन्याच्या बाटल्यांचं कडं, एकूण धूड माणसापेक्षा जड. रोहनने दोरी मनगटाला गुंडाळली होती. “सुटू नये म्हणून, मॅडम.”

मी ओढणीचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने तसंच गुंडाळलं, मी हिसका दिला. पठ्ठ्या खुर्चीतून अर्धा उठला.

“हां,” एवढंच म्हणाला.

दुसरा घोळ खलाशांच्या शब्दांचा. आऱ्या म्हणजे खाली सोड, हबेस म्हणजे वर उचल. रात्री दोन वाजता, यंत्र खाली-वर करणाऱ्या विंचच्या घरघरीत याने उलटं ऐकलं. हे शब्द पाठ्यपुस्तकात कुठून असणार? आऱ्या तर पोर्तुगीजांकडून आलेला. सारंगाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या म्होरक्याला, वाटलं, हे सगळ्यांनाच येतं. याला वाटलं, विचारलं तर हसतील.

मग कागदावर दोन रकाने केले, डेकवरचं बोलणं आणि डेकबाहेरचं. पहिल्यात ‘सोड!’, ‘मागे हो!’, ‘हेल्मेट!’ असं बरंच. दुसऱ्यात एकच वाक्य, जेवताना कुणीतरी म्हटलेलं: “याला खुंटीला बांधून ठेवा.” सगळे हसले होते. झोप उडवली होती ती या वाक्याने.

‘मनावर घेऊ नकोस’ असं मी म्हटलं नाही. ते मनावर घेण्यासारखंच होतं. त्याबद्दल फेरीच्या मुख्य शास्त्रज्ञांशी बोलायचं ठरलं. सारंगासाठी वेगळं वाक्य: “मामा, ड्यूटी नसताना मला इशारे शिकवाल का?” माझ्या खोलीत उभं राहून त्याने ते चार वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या तीन वेळा ‘मामा’वरच अडला.

पुढच्या फेरीनंतर आला तो आल्या आल्या ओढणी मागत. टोकाला बोलाइन गाठ मारून दाखवली. कितीही ओढा, फास आवळत नाही.

“सारंगमामा अजून ओरडतात?”

“रोज,” तो गाठ सोडवत म्हणाला.