झ्यूस, द्यौस् आणि आपला पाऊस

प्रश्न असा : ग्रीक पुराणातला झ्यूस म्हणजे आपला द्यौस्, युरेनस म्हणजे वरुण आणि देवासाठीचा ग्रीक शब्द ‘थेऑस’ म्हणजे आपला ‘देव’च, हे खरं का?

पहिलं अगदी खरं. द्यौस् म्हणजे उजळ आकाश. ऋग्वेदात त्याला ‘द्यौष्पितः’ अशी हाक आहे, होमरच्या काव्यात ‘झेउ पातेर’, आणि रोमन लोकांनी तर नाव आणि ‘बाप’ एकत्र करून ज्युपिटर केला. ‘द्य’चा ‘झ’ कसा झाला म्हणाल, तर आपल्याकडे काय वेगळं झालं? अद्यचं अज्ज होऊन आज, विद्युत्‌ची वीज.

पण खरी गंमत विभक्तीत आहे. झ्यूसची षष्ठी ‘दिऑस’, द्यौस्‌ची ‘दिवः’. ग्रीसमधल्या पिलॉसला तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या, जुन्या ग्रीक भाषेतल्या मातीच्या पाट्या मिळाल्या. मायकल व्हेंट्रिसने १९५२ साली त्यांची लिपी उलगडली. त्यांतल्या एका पाटीवर देवांना द्यायच्या वस्तूंची नोंद आहे आणि तिथे झ्यूसची चतुर्थी आहे ‘दि-वे’. संस्कृतातही ‘दिवे’च! (आपले देवापुढचे दिवे यातले नव्हेत बरं का, ते ‘दीप’वरून आले. ‘दिवस’ आणि ‘देव’ मात्र याच घरातले.)

‘थेऑस’चं उत्तर सरळ नाही असंच आहे. ग्रीक ‘थ’समोर संस्कृतात ‘ध’ येतो : थ्यूमॉस–धूम. संस्कृत ‘द’समोर ग्रीकमध्येही ‘द’च : दश–देका. म्हणजे ‘देव’चा ‘थेऑस’ होऊच शकत नाही. नुसत्या कानावर विसंबलं की अशी फसगत होते.

वरुणाची जोडी एकोणिसाव्या शतकात फार गाजली आणि अजूनही आंतरजालावर फिरते. पण ‘उरानॉस’ (युरेनसचं मूळ ग्रीक नाव, अर्थ आकाश) आणि ‘वरुण’ यांचे स्वर नियमात बसत नाहीत. आता बरेच अभ्यासक ‘उरानॉस’चा संबंध ‘वृष्’ धातूशी, म्हणजे वर्षावाशी लावतात. मला हेच जास्त पटतं. वर आकाश, खाली त्याची बायको पृथ्वी, मग तो बरसणारा असणारच. तसं असेल तर युरेनसचा मराठीतला नातलग वरुण नसून पाऊस ठरतो, कारण आपला ‘पाऊस’ आला ‘प्रावृष्’ (पावसाळा) या संस्कृत शब्दावरून, आणि त्यातही तोच ‘वृष्’ आहे.